शाईचा डाग आणि सुईण बेडूक

पश्चिम युरोपात एक लहानसा, मळकट रंगाचा बेडूक आढळतो. तिकडे त्याला सुईण बेडूक म्हणतात. गंमत अशी की ही सुईण नर असते. बहुतेक बेडूक पाण्यात जुगतात, पाण्यातच अंडी घालतात आणि पुढे त्यांचे काय होते याची फिकीर न करता निघून जातात. या जातीची जोडी मात्र जमिनीवर जुगते. मादीने अंड्यांची माळ घातली की नर ती आपल्या मागच्या पायांभोवती गुंडाळून घेतो आणि काही आठवडे ते ओझे घेऊन हिंडतो. अंडी फुटायची वेळ झाली की तो पाणी गाठतो आणि पिल्ले पाण्यात सोडून मोकळा होतो.

पाण्यात जुगणाऱ्या बेडकांच्या नराला एक अडचण असते. बुळबुळीत मादीला पाण्यात धरून ठेवायचे कसे? त्यासाठी विणीच्या हंगामात त्याच्या पुढच्या पायाच्या बोटांवर काळसर, खरखरीत गादी उगवते. तिच्यावर बारीक काटे असतात. सुईण बेडकाला पाण्यात पकड घ्यावी लागत नाही, म्हणून त्याच्या बोटांवर ही गादी नसते.

जी गादी नसायला हवी ती आपण उगवून दाखवली, असे एका माणसाने जाहीर केले. त्यावरून युरोपातील जीवशास्त्रज्ञ पंधरा-सोळा वर्षे भांडले आणि शेवटी तो माणूस जिवानिशी गेला. त्याचे नाव पाउल कामरर.

कामररचा जन्म १७ ऑगस्ट १८८० रोजी व्हिएन्नात झाला. तरुणपणी त्याने संगीताचे शिक्षण घेतले, गाणी रचली, संगीतावर लिखाण केले. पण घरात मात्र पाली, सरडे, बेडूक, सॅलॅमँडर यांची काचपेट्यांतून वस्ती असे. संगीत मागे पडले आणि तो प्राणिशास्त्राकडे वळला. पुढे मुलगी झाली तेव्हा तिचे नाव त्याने लासेर्टा ठेवले. लासेर्टा हे पालीसारख्या दिसणाऱ्या युरोपीय सरड्यांच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव आहे. एवढे सांगितले की त्याच्या आवडीबद्दल वेगळे काही सांगायला नको.

त्याला हवी तशी जागा त्याच सुमारास व्हिएन्नात उभी राहत होती. शहराच्या प्राटर बागेत १८७३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली मत्स्यालयाची जुनी इमारत होती. हान्स प्शिब्राम, लेओपोल्ड फॉन पोर्टहाइम आणि विल्हेल्म फिगडोर या तीन सधन शास्त्रज्ञांनी ती घेतली आणि पदरचे पैसे घालून १९०३ मध्ये तिथे प्रायोगिक जीवशास्त्राची संस्था सुरू केली. लोक तिला व्हिव्हेरियम म्हणत. त्या काळी विद्यापीठातले प्राणिशास्त्र म्हणजे मुख्यतः मेलेले प्राणी: अल्कोहोलच्या बरण्या, काचपट्ट्या, चित्रे. व्हिव्हेरियममध्ये प्राणी जिवंत ठेवायचे, पिढ्यानपिढ्या वाढवायचे आणि भोवतालची परिस्थिती बदलून काय होते ते पाहायचे, असा बेत होता. त्यासाठी तिथे तापमान आणि आर्द्रता नेमकी राखणाऱ्या खोल्या केल्या होत्या. आज कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत असतो तसा हा सरंजाम त्या काळी अपूर्व होता. पुढे मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडून नोबेल मिळवणारा कार्ल फॉन फ्रिश विद्यार्थिदशेत याच इमारतीत शिकला.

या संस्थेतल्या टाक्या आणि काचपेट्या उभारण्याचे काम कामररकडे आले. जे प्राणी इतरांच्या हातात आठवडाभर जगत नसत ते त्याच्याकडे वर्षानुवर्षे जगत आणि वीतही. या हातगुणाबद्दल त्याच्या वैऱ्यांनीही कधी शंका घेतली नाही. मात्र याच हातगुणात पुढच्या संकटाचे बीज होते. जो प्रयोग एकाच माणसाच्या हातून जमतो तो दुसऱ्याने करून पाहायचा कसा?

कामररने नेमके काय मांडले ते कळण्यासाठी दहावीचे विज्ञानाचे पुस्तक आठवावे लागेल. जिराफाची ताणून लांब झालेली मान आणि घण घालून भरलेले लोहाराचे खांदे, ही लामार्कच्या सिद्धांताची उदाहरणे बहुतेकांनी परीक्षेत लिहिली असतील. जन्मभरात शरीराने जे मिळवले ते संततीत उतरते, हे त्याचे सार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट वाइसमान याने या समजुतीवर घाव घातला. त्याने पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. जन्मलेल्या ९०१ पिल्लांपैकी एकाचीही शेपटी जन्मतः तुटकी निघाली नाही. खरे म्हणजे या प्रयोगाने फार काही सिद्ध होत नाही, कारण शेपटी कापणे ही उंदराने परिस्थितीशी केलेली जुळवणी नव्हे. वाइसमानचा खरा मुद्दा पेशींचा होता. शरीराच्या पेशी वेगळ्या आणि अंडी-शुक्राणू तयार करणाऱ्या जननपेशी वेगळ्या; शरीरावर काय गुदरले याची खबर जननपेशींपर्यंत जायला वाटच नाही, असे त्याने मांडले. १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि ही भिंत आणखी पक्की झाली. आनुवंशिकता म्हणजे पिढ्यानपिढ्या न बदलता हातोहात जाणारे घटक, असे नवे शास्त्र सांगू लागले. इंग्लंडमध्ये या शास्त्राचा झेंडा विल्यम बेटसन याच्या हाती होता. या शास्त्राला इंग्रजी नाव दिले तेही त्यानेच.

त्या भिंतीला भोके पाडायला कामरर निघाला. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे सॅलॅमँडर त्याने पिवळ्या मातीवर ठेवले, तर काही वर्षांत त्यांच्या अंगावरचा पिवळा रंग पसरला. काळ्या मातीवर ठेवले, तर काळा वाढला. आणि पिल्लांतही तो कल उतरला, असे त्याने नोंदवले. काळोख्या गुहांतील पाण्यात राहणारा, आंधळा, फिकट ओल्म त्याने लाल प्रकाशात वाढवला आणि त्याच्या कातडीखाली दडलेले डोळे वाढून वर आले. साध्या उजेडात कातडी काळवंडते आणि डोळा झाकूनच राहतो. लाल उजेडात ती तशी काळवंडत नाही, ही त्यातली खुबी. शरीरात दडलेली शक्यता परिस्थिती कशी उघडते, याचे इतके सुंदर उदाहरण त्या काळात दुसरे सापडणे कठीण.

सुईण बेडकांचा प्रयोग दिसायला साधा होता. त्यांना नेहमीपेक्षा बऱ्याच उष्ण खोलीत, २५ ते ३० अंश सेल्सियस तापमानात ठेवायचे आणि जवळ पाण्याचे भांडे ठेवायचे. उकाड्याने हैराण झालेले बेडूक पाण्यात उतरले, तिथेच जुगले आणि अंड्यांच्या माळा नराच्या पायांवर न राहता पाण्यात पडून राहिल्या. बहुतेक अंडी कुजली. जी थोडी जगली त्यांच्यापासून कामररने पुढची पिढी वाढवली, मग तिच्या पुढची. या पिढ्या पाण्यात जुगण्याची सवय घेऊनच आल्या आणि काही पिढ्यांनंतर नरांच्या बोटांवर ती काळी, खरखरीत गादी दिसू लागली, असे त्याने प्रसिद्ध केले.

बेटसनने १९१० मध्येच असा एक नमुना पाहायला मागितला. तो त्याला मिळाला नाही. टीकाकारांनी कामररच्या छायाचित्रांवरही बोट ठेवले. शंका घेणे हे बेटसनचे कामच होते. पण नमुना मागणाऱ्याला तो वेळेवर दाखवला गेला असता, तर पुढचे अर्धे रामायण टळले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

व्हिव्हेरियमच्या रोजच्या कामाची एक झलक अनपेक्षित ठिकाणी मिळते. संगीतकार गुस्टाफ मालर १९११ मध्ये वारला. कामरर त्याचा निस्सीम भक्त. मालरची विधवा आल्मा हिला त्याने आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून बोलावले. तिच्याकडे प्रार्थनाकीटक सोपवले गेले. कात टाकल्यावर या किड्यांना आधी शिकवलेले आठवते का, हा प्रश्न होता. किड्यांना वर, उजेडात राहायला आवडे आणि प्रयोगासाठी त्यांना खाली, अंधारात खाऊ घालायचे होते. किडे काही ऐकेनात. आल्माने पुढे आठवणींत लिहिले की तिने नोंदी अगदी काटेकोर ठेवल्या आणि त्याचाच कामररला त्रास झाला. नोंदी थोड्या सैल असत्या पण निकाल हवा तसा निघाला असता, तर तो अधिक खूश झाला असता. कामरर तिच्या प्रेमात पडला होता, त्याने जीव देण्याच्या धमक्याही दिल्या होत्या, आणि आल्माच्या आठवणी अनेक ठिकाणी डळमळीत असल्याचे तिच्या चरित्रकारांनी दाखवले आहे. तेव्हा ही साक्ष जपूनच घ्यायला हवी. पण प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. हवा तो आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजायचे आणि तो आला की थांबायचे, हा मोह आजही संपलेला नाही.

मग पहिले महायुद्ध आले. संस्थेतले हात कमी झाले आणि कामररने पिढ्यानपिढ्या जपलेले प्राणी युद्धकाळात गेले. हा तोटा पैशांत मोजता येणारा नव्हता. बेडकाची एक पिढी तयार व्हायला वर्षे लागतात. सहा पिढ्यांचा प्रयोग पुन्हा मांडायचा तर माणसाचे उमेदीचे आयुष्य जाते. हाती उरले ते बरण्यांत जपलेले थोडे नमुने. युद्धानंतरच्या ऑस्ट्रियात महागाईने पगाराची माती झाली. कामरर समाजवादी, युद्धविरोधी, आईकडून ज्यू वारसा असलेला, आणि वर्तमानपत्रांत लिहिणारा, सभा गाजवणारा. यातली एकही गोष्ट व्हिएन्ना विद्यापीठातल्या जुन्या प्राध्यापकांना रुचणारी नव्हती. प्राध्यापकपदासाठीचा त्याचा अर्ज फेटाळला गेला. त्यातच १९१९ मध्ये त्याने योगायोगांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. बागेतल्या बाकावर तासन्‌तास बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी किती जणांकडे छत्री, किती जणांच्या हातात पुडके, अशी टिपणे त्याने केली होती आणि योगायोग एकापाठोपाठ एक का येतात याचा नियम शोधला होता. टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

पोटासाठी तो व्याख्याने देऊ लागला. एप्रिल १९२३ च्या अखेरीस तो केंब्रिजला गेला आणि १० मे रोजी लंडनच्या लिनिअन सोसायटीत त्याने सुईण बेडकाचा उरलेला नमुना दाखवला. अनेकांनी तो पाहिला. शाईचा संशय तेव्हा कोणी बोलून दाखवला नाही. बेटसनचा आक्षेप वेगळा होता: काळा भाग तळव्याकडे आहे, तिथे तो मादीला धरायला काय कामाचा? नंतर त्याने नमुना पुन्हा तपासायला मागितला आणि तो पाठवण्यासाठी २५ पौंड देऊ केले. प्शिब्रामने नकार दिला. एकुलता नमुना प्रवासात खराब होण्याची भीती होती. दरम्यान इंग्लंड-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी कामररला नवा डार्विन करून टाकले. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. ती नीट पाळली गेली तर पुढची पिढी दारूची ओढ न घेताच जन्मेल, असे भाकीत त्याच्या नावावर छापून आले. व्याख्यानांना गर्दी होत होती, पैसे मिळत होते, आणि बेडकाच्या बोटावरून माणसाच्या भवितव्यापर्यंतची उडी दर व्याख्यानागणिक लांब होत होती. शिक्षणाने, चांगल्या परिस्थितीने माणूस सुधारतो आणि ती सुधारणा रक्तात उतरते, यावर त्याचा मनापासून विश्वास होता. ज्या काळात रक्ताच्या शुद्धतेच्या गप्पा मारणारे लोक सत्तेच्या दिशेने सरकत होते, त्या काळात हा विश्वास निदान माणुसकीचा होता. पुरावा मात्र त्याने वाढत नव्हता.

फेब्रुवारी १९२६ मध्ये बेटसन वारला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा तरुण उभयचरतज्ज्ञ ग्लॅडविन किंग्जली नोबल व्हिएन्नात आला. त्याने प्शिब्रामच्या संमतीने तो नमुना बरणीतून काढला आणि नीट तपासला. काटे कुठेच नव्हते. काळेपणा कातडीवरच्या गादीचा नव्हता, कातडीखालचा होता. रासायनिक तपासणीत तो चित्रकार वापरतात त्या काळ्या इंडियन इंकचा निघाला. कोणीतरी ती टोचली होती. ७ ऑगस्ट १९२६ च्या ‘नेचर’मध्ये नोबलचा लेख आला आणि त्याला लागूनच प्शिब्रामचाही. प्शिब्रामने शाईची गोष्ट मान्य केली, पण जुन्या छायाचित्रांचा दाखला देत मूळची गादी खरी असल्याची बाजू मांडली. आपल्याच संस्थेतला नमुना परक्या माणसापुढे उघडणे आणि जे निघाले ते जसेच्या तसे छापू देणे, याला मोठे मन लागते. या सगळ्या प्रकरणात प्शिब्रामचे वागणे सर्वांत स्वच्छ वाटते.

कामररची तेव्हा मॉस्कोला जायची तयारी चालली होती. सोव्हिएत रशियात त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. ‘नेचर’मधला लेख वाचून त्याने व्हिव्हेरियममध्ये जाऊन नमुना स्वतः पाहिला. २२ सप्टेंबर रोजी त्याने मॉस्कोच्या अकादमीला पत्र लिहिले. नोबलचे म्हणणे बरोबर आहे, सॅलॅमँडरच्या नमुन्यातही कोणीतरी हात घातलेला दिसतो, हे आपण केलेले नाही, पण या स्थितीत ते पद स्वीकारणे योग्य नाही, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी, २३ सप्टेंबर १९२६ रोजी, व्हिएन्नाजवळच्या श्नेबर्ग डोंगराच्या पायथ्याशी पुखबर्ग गावाबाहेर त्याचा मृतदेह सापडला. त्याने स्वतःचा अंत करून घेतला होता. खिशातल्या चिठ्ठीत त्याने देह घरी न नेता एखाद्या विद्यापीठाच्या विच्छेदनगृहाला द्यावा, असे सुचवले होते. तो ४६ वर्षांचा होता.

जगाने याचा अर्थ कबुली असा लावला. पण त्याचे आयुष्य पाहिले तर तो निष्कर्ष इतका सरळ राहत नाही. पैशांची ओढाताण, मोडलेले संसार, त्याच्या प्रेमातल्या नर्तिकेने मॉस्कोला यायला दिलेला नकार, आणि याआधीही अनेकदा मनात आलेले मरणाचे विचार, असे बरेच काही त्या सप्टेंबरमध्ये एकत्र आले होते. आत्महत्येला एकच कारण चिकटवण्याची घाई तेव्हाही झाली आणि आजही होते.

शाई टोचली कोणी? एक शक्यता अर्थातच कामररची. दुसरी एखाद्या मदतनिसाची: अल्कोहोलमध्ये गादीचा रंग उतरत चालला म्हणून त्याने भाबडेपणाने तो पुन्हा भरला असेल. तिसरी घातपाताची. आर्थर कोस्लर याने १९७१ मध्ये या प्रकरणावर पुस्तक लिहिले आणि संशयाची सुई शत्रूंकडे वळवली. २०१६ मध्ये ऑस्ट्रियन पत्रकार क्लाउस टाश्वर याने व्हिएन्ना विद्यापीठातील प्राध्यापकांच्या एका गुप्त टोळीची हकीकत पुढे आणली. ज्यू आणि डाव्या विचारांच्या अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या पद्धतशीरपणे अडवणारी ही टोळी खरोखर होती. पण बेडकाच्या बोटात सुई तिनेच घातली असे दाखवणारा पुरावा नाही. एक साधी गोष्ट मात्र उरते. तज्ज्ञांना दाखवण्यासाठी इतकी ढोबळ लबाडी करायला माणूस मूर्खच हवा. आणि कामररवर बाकी कसलेही आरोप झाले असले तरी मूर्खपणाचा कोणी केला नाही.

त्यानंतरची काही दशके कामररचे नाव फसवणुकीचे उदाहरण म्हणून घेतले जाई. सोव्हिएत रशियात मात्र तो हुतात्मा झाला. १९२८ मध्ये त्याच्यावर ‘सालामान्द्रा’ नावाचा मूकपट निघाला आणि त्याची पटकथा लिहिण्यात खुद्द शिक्षणमंत्री लुनाचार्स्की होता. पडद्यावरचा शास्त्रज्ञ धर्मगुरू आणि उमरावांच्या कटातून वाचून सुखरूप रशियाला पोचतो. पुढे लिसेंकोने मिळवलेल्या गुणांच्या वारशाला सरकारी मत बनवले आणि न मानणाऱ्या आनुवंशिकीतज्ज्ञांचा छळ झाला. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मेला. यानंतर पश्चिमेत या विषयाला कोणी हात लावायला धजेना यात नवल नाही.

तो पुन्हा उघडला पेशींच्या अभ्यासाने. आपल्या यकृताच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत डीएनए जवळपास एकच असतो. मग दोघींचे काम इतके वेगळे कसे? पोथी तीच, पण प्रत्येक पेशी तिची वेगवेगळी पाने उघडते. डीएनएचा लांबलचक धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. जो भाग घट्ट गुंडाळला जातो तो अक्षरशः बासनात जातो, वाचला जात नाही. डीएनएवर ठरावीक ठिकाणी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात. त्यांनीही जनुके गप्प होतात. अक्षरे बदलत नाहीत, वाचन बदलते. पेशी दुभंगताना या खुणांची नक्कलही होते, म्हणून यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी होते. या साऱ्याचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन याने १९४२ मध्ये वापरात आणला, तेव्हा या खुणा कोणाला ठाऊक नव्हत्या.

आणि या खुणांवर परिस्थितीचा परिणाम होतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जर्मन नाकेबंदीमुळे उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्या एका वाढीच्या जनुकावर मिथाइलच्या खुणा सहा दशकांनंतरही भावंडांपेक्षा कमी आढळल्या. हे संशोधन २००८ चे. पुण्यातील संशोधकांचा सहभाग असलेला एक प्रयोग तर कामररला हेवा वाटावा असा आहे. उंदरांच्या तब्बल ५० पिढ्या अर्धपोटी वाढवल्या गेल्या. त्यांच्यात मधुमेहाकडे झुकणारे बदल आणि बी-१२ ची कमतरता दिसली, इन्सुलिनच्या जनुकाभोवतीच्या खुणाही बदललेल्या होत्या. आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला दिले तरी ते सारे पूर्ववत झाले नाही. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भवतीच्या आहाराकडे आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहायला हवे, याचा विचार करायला एवढे पुरेसे आहे.

मात्र घाईने वाइसमानला मोडीत काढण्याचे कारण नाही. सस्तन प्राण्यांत अंडी-शुक्राणू तयार होताना आणि नंतर गर्भाच्या अगदी सुरुवातीला या खुणा बहुतांशी पुसल्या जातात. भिंत आहे, फक्त तिला फटी आहेत. शिवाय गर्भवती आईवर जे गुदरते ते पोटातल्या बाळावर आणि बाळातल्या जननपेशींवरही थेट गुदरते. त्यामुळे नातवंडांत दिसलेला परिणाम वारसा म्हणायचा की थेट इजा, हा प्रश्न उरतोच. आजोबांचे दुःख नातवाच्या जनुकांत कोरले जाते, अशा थाटाच्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे. कामररच्या वेळचे मथळेही असेच होते.

२००९ मध्ये चिलीतील जीवशास्त्रज्ञ अलेक्झांडर वार्गास याने कामररचे जुने निबंध या नव्या नजरेने वाचले. कामररने पाण्यातल्या आणि साध्या बेडकांचे संकर केले होते. बदललेला गुण बापाकडून आला की आईकडून, यानुसार संततीत तो वेगळा दिसतो, असे त्याने नोंदवले होते. मेंडेलच्या नियमांत हे बसत नव्हते. आज मात्र मिथाइल खुणांमुळे असे घडते, हे अनेक जनुकांबाबत माहीत आहे. जमिनीऐवजी पाण्यात वाढलेल्या अंड्यांत या खुणा बदलल्या असतील, असे वार्गासने सुचवले, आणि प्रयोग पुन्हा करून पाहा म्हटले. विज्ञानाचा इतिहासकार सँडर ग्लिबॉफ याने लगेच पुढच्या वर्षी त्याला आक्षेप घेतला: वार्गासने मूळ निबंध नीट वाचलेले नाहीत, आणि जुन्या आकड्यांतून नवे शास्त्र काढणे धोक्याचे आहे. दोघांचे भांडण केवळ कागदावर सुटणारे नाही. त्याला उष्ण खोली हवी, पाण्याचे भांडे हवे आणि हातगुण असलेला माणूस हवा.

ज्या इमारतीत हे सारे घडले तिचे हाल कामररपेक्षा वाईट झाले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिव्हेरियमचे दार ज्यू शास्त्रज्ञांना बंद झाले. ते दार स्वतःच्या पैशांनी उभे करणारा प्शिब्रामही त्यांत होता. तो पत्नीसह अ‍ॅमस्टरडॅमला गेला, तिथून पकडून त्याला टेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत नेले आणि मे १९४४ मध्ये तो तिथे मेला. त्याच्या पत्नीने पाठोपाठ प्राण सोडला. पोर्टहाइम लंडनला निसटला. एप्रिल १९४५ मध्ये व्हिएन्नाच्या लढाईत प्राटरमधली ती इमारत जळून गेली.